मायाक्काचे दहा दाणे

सन १९३१, मार्गशीर्षातला पहिला सोमवार. ठरलेली रक्कम सव्वा रुपया. हजर: मी, माझी बायको, धाकटा भाऊ दत्तू आणि मायाक्का. रक्कम त्या दिवशी द्यायची नव्हती. दत्तूच्या उजव्या हाताला दहापैकी दहा वेळा दाणे बरोबर ओळखता येतील, त्या दिवशी द्यायची. तोवर मायाक्का आमच्या घरचा चहासुद्धा स्वतःच्या चंचीतला गूळ घालून प्यायची.

दत्तू एका कापडगिरणीत दोन माग चालवीत असे. आश्विनात त्याची मान अवघडली आणि आठवड्याभरात कळ खांद्यावरून कोपरात, कोपरातून अंगठ्यात उतरली. अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट बधिर झाले. विणकराचे सगळे पोट या दोन बोटांच्या चिमटीवर असते. मागावर धागा तुटला की तो त्या चिमटीनेच सांधायचा. डॉक्टरांनी चोळायला औषध दिले आणि सहा महिने विश्रांती सांगितली. खात्याचा मुकादम, जॉबर, म्हणाला, मार्गशीर्ष अमावास्येपर्यंत माग रोजंदारीच्या बदलीवाल्याकडे ठेवतो, पुढचे माझ्या हातात नाही. सहा महिने आणि एक महिना यांचा मेळ कसा घालायचा ते मला समजेना. म्हणून मी मायाक्काला बोलावले.

ती अक्कलकोट रस्त्यावरच्या धनगर वस्तीतली. साठीची असेल. उंच, काटक, हातात चांदीचे जाड कडे, अंगाला लोकरीचा वास. जन्मताना मान मुरगळलेली कोकरे ती हाताने सरळ करी, आणि पुढे माणसेही तिच्याकडे येऊ लागली. ती तेल लावत नसे. "त्याल लावलं की बोट घसरतं. मला काय बोट घसरवायचं न्हाय, ऐकायचं हाय," असे म्हणे.

पहिल्या दिवशी दत्तूने दुखरा हात पुढे केला, तर तिने तो बाजूला सारला.

"हात कशाला दावतोस? कळ हातात हाय, पर तिचं घर मानंत हाय. घरी जाऊन भेटू या की तिला."

मग घोंगडीवर त्याला उताणा निजवून, डोके आपल्या मांडीत घेऊन, ती मान दोन्ही हातांनी हळूहळू स्वतःकडे घेई. मणक्याच्या कडेने बोटे फिरवी. एका जागी दत्तूचा श्वास अडके, तिथे थांबे. शेवटी त्याचा हात आडवा पसरून, तळवा वर करून, मनगट मागे नेई आणि त्याच वेळी मान त्या हाताकडे कलती करी. मग मनगट सैल, मान सरळ. पुन्हा तेच. "इहिरीचा दोर कप्पीत अडकला तर वढायचा नसतोय, अप्पा. घोळायचा असतोय. वढला की तुटतोय," हे ती मला सांगे, कारण दत्तू डोळे मिटून पडलेला असे. पुरे झाले की कानडीत "साकू" म्हणे आणि मांडीवरून डोके उतरवी.

त्यानंतर दाणे. दत्तूचे डोळे ती पदराने बांधी. स्वतःचा आणि त्याचा हात घोंगडीखाली घेऊन त्याच्या चिमटीत जोंधळ्याचा एक दाणा देई, कधी दोन, कधी काहीच नाही. तो सांगे, आणि ती "बरोबर" किंवा "चूक" म्हणे. असे दहा वेळा. हात घोंगडीखाली कशाला, असे मी विचारले होते.

"तुमी घरची मानसं. मायेचं मानूस खोकून इशारा करतं. रोगी बरा व्हायच्या आदी घरच बरं व्हतं मग."

मला हे पटले. मी म्युनिसिपालिटीत कारकून. माझ्यावरही कोणी पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नये, असेच मला वाटत आले आहे. मी शेजारी वही घेऊन बसे आणि तिच्या तोंडून येईल ते लिही. ती हसे. "लिव, अप्पा, लिव. कागदाला काय कळ येत न्हाय."

पहिल्या दिवशी दहात तीन. चौथ्या दिवशी पाच. रविवार तिच्या देवाचा, बिरोबाचा, म्हणून त्या दिवशी ती येत नसे. नवव्या बैठकीला आठ. त्या दिवशी दत्तू माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, आज मुंग्या न्हाईत." तिने देवापुढे साखर ठेवली.

दहाव्या बैठकीला सहा आले. मग पाच. मग पुन्हा पाच, मग चार. मायाक्काच्या कपाळावर आठी बसली. "शीर पुन्यांदा धरलीया," म्हणाली. बैठक लांबली. घोळणे कमी झाले, ओढणे वाढले. दत्तू दात आवळून पडे. थंडी वाढली होती आणि तीही अधूनमधून बोटे चोळी. एकदा बायकोने चुलीवरून उतरवलेला चहाचा पितळी पेला पदरात धरून आणला, तो तिने उघड्या हाताने घेतला आणि तसाच धरून बोलत राहिली. "मायाक्काची बोटं लाकडाची हाईत," बायको म्हणाली. आम्ही सगळे हसलो, मायाक्काही हसली.

एकोणिसाव्या बैठकीला, दहाव्या खेपेस, दत्तू म्हणाला, "दोन."

"चूक. येकच."

मी वहीत चूक लिहिले. तेवढ्यात दत्तूच्या हाताला झटका बसला, घोंगडी सरकली आणि दाणे जमिनीवर पडले. शहाबादी फरशीवर दोन दाणे होते. मी पाहिले, बायकोने पाहिले. मायाक्काने ते उचलायचा प्रयत्न केला. एक चिमटीत आला, पण आल्याचे तिला कळले नाही. ती रिकामी फरशी चाचपत राहिली आणि तो दाणा तिच्या बोटांतच होता.

तिने दत्तूच्या डोळ्यांवरचा पदर सोडला.

"काल बी मी चूक म्हनल्यावर तुला असंच वाटत हुतं का, लेकरा?"

"काल बी बऱ्याच येळा दोनच वाटलं, मायाक्का."

"मग बोलला का न्हाईस?"

"माझी बोटं बधिर. तुमची ऐकनारी. मी काय बोलू?"

तिने आपल्या बोटांतला दाणा पाहिला. मग "साकू," म्हणाली, घोंगडी घडी न करताच खांद्यावर टाकली आणि गेली. नंतर तिने कोणाच्याच मानेला हात लावला नाही असे कळले.

त्या संध्याकाळी मी वही उघडून, चुका दत्तूच्या बोटांच्या किती नि तिच्या बोटांच्या किती, याचा हिशेब करायला बसलो, आणि तो करता येईना. एकोणीस बैठका, एकशे नव्वद नोंदी. प्रत्येकीपुढे बरोबर किंवा चूक. दत्तू काय म्हणाला, हे एकाही ओळीत नव्हते. मी फक्त तिचे म्हणणे लिहिले होते. दहा वर्षे मी दुसऱ्यांच्या वह्या तपासत होतो. घोंगडीचे टोक एकदा उचलून पाहावे, हे मला सुचले नाही.

अमावास्येपर्यंत अंगठ्यातली ताकदच गेली. दुखरी शीर त्या ओढण्याने दुखावली की ताकद तशीही जायचीच होती, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. डॉक्टरांनीही सांगितले नाही. माग बदलीवाल्याच्या नावावर झाले. दत्तू आता रुईच्या गोदामावर राखण करतो. सदऱ्याच्या गुंड्या डाव्या हाताने लावतो.

दोन वर्षांनी मायाक्का गेल्याचे कळले. दत्तू म्हणाला, "दादा, वस्तीवर जाऊन येऊ." तिची सून मेंढरांच्या वाड्यापाशी लोकर निवडत होती. तिने सांगितले, म्हातारी शेवटी शेवटी नातवंडांना हातात दाणे ठेवायला लावायची आणि किती ते सांगायची. "दहात येक बी येत न्हवता. पोरं हसायची. मग पोरं बी खोटंच बरोबर म्हनाय लागली. तिला कळायचं की."

दत्तूने डाव्या हाताने कमरेची पिशवी सोडली आणि सव्वा रुपया पुढे केला. सून मागे सरली.

"तुमाला गुन आला न्हाय. बिनगुनाचं घ्यायचं न्हाय, आत्यानं सांगितलंया."

"आला हुता," दत्तू म्हणाला. "नवव्या दिशी. त्या दिवसाचं देतोय."

मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तवा धाच्या धा बरोबर हुते, दादा. तुज्या वहीत आठ हायत."

ते खरे होते की त्या घरासाठी बोललेले, हे मी तेव्हा विचारले नाही आणि अजूनही विचारलेले नाही. दिलेली रक्कम सव्वा रुपया. दत्तूच्या डाव्या हातातून, मायाक्काच्या सुनेच्या हातात.