वडिलांनी दोनदा फुंकलं

वडिलांनी दारू सोडून दीड वर्ष झालं होतं, पण त्यांच्या मोठ्या बहिणीचा, माझ्या आत्याचा, त्यावर विश्वास नव्हता. पूर्वी एका हळदीहून पिऊन परतताना त्यांनी व्हॅन नाल्यात घातली होती आणि आत्या मागच्या सीटवर होती. तेव्हापासून ती त्यांच्या गाडीत बसली नाही. पण तिच्या मुलीच्या लग्नाची तारीख धरायला विसरवाडीला जायचं होतं, आणि ठरवलेली गाडी आलीच नाही. शेवटी धानोऱ्याहून आम्ही तिघं आमच्याच व्हॅनने निघालो.

त्यात आदल्या दिवशी वडिलांनी एका व्यापाऱ्याची वाळलेल्या मोहफुलांची पोती वाहिली होती. सगळ्या सीटांना तोच, मोहाच्या दारूसारखा वास. आत्याने नाकाला पदर लावला.

"भाऊ, खरं सांग. वास कसाना शे?"

"मोहना फुलेसना, बाई."

"फुलेसना, का पानीना?"

वडिलांनी खिडकीची काच खाली केली.

खांडबारा मागे पडल्यावर पोलिसांनी हात केला. हल्ली येईल ती गाडी थांबवून तपासणी सुरू झाली होती. पूर्वी पोलीस तोंडाचा वास घ्यायचे. तसं असतं तर त्या दिवशी आमचं काही खरं नव्हतं. आता हातात श्वासातली दारू मोजणारं मशीन होतं. लिहायला संकोच वाटतो, पण माझाही पुरता विश्वास नव्हता. कॉलेजातून फोन केला की मी दर वेळी आधी त्यांचा आवाज तपासायचे.

वडिलांनी नळी तोंडात धरली आणि बिडीसारखी ओढली.

"अहो काका, ओढू नका, फुंका!" पोलीस हसला.

मग त्यांनी चूल पेटवावी तसं फुंकलं. कान लाल झाले.

"बस, बस! शून्य आहे. जा."

वडील हलले नाहीत. "साहेब, आखो एक डाव फुकस. मन्ही बहीनले दखाडा."

मागे ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. तरी पोलिसाने नवी नळी लावली. आत्या उतरली, चष्मा लावून वाकली. पुन्हा शून्य. तिने चष्मा पुसून आकडा परत पाहिला.

"म्हणजे खरंच सोडी दिधी तू?"

"दीड वरीस सांगी ऱ्हायनू ना!"

आत्याने मला मागे पाठवलं आणि स्वतः पुढे, वडिलांशेजारी बसली.

"मन्ही पोर याच गाडीमा सासरे जाई," ती म्हणाली. "पन आधी सीटा धुई टाक."

विसरवाडीपर्यंत वडील शीळ घालत होते. मी त्या वासात मागे बसून हसत होते.