सुरमईसाठी एक काठी

निर्णय लांबवणं ही तपश्चर्या मानली, तर नौपाड्यात राहणाऱ्या माझ्या साडूंसमोर एव्हाना दोन-तीन देव तरी प्रकट व्हायला हवे होते. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. भाऊ छत्री घ्यायला निघतात तेव्हा आभाळ भरलेलं असतं, आणि छत्री घरी येते तेव्हा लोक स्वेटर शोधत असतात. मुलगी मात्र त्यांनी पहिल्याच भेटीत पसंत केली. "तेव्हा मी बेसावध होतो," असं ते ताईंच्या देखत सांगतात. त्यावर ताई म्हणतात, "आयुष्यात तेवढं एकच काम वेळेवर केलंत."

निवृत्तीनंतर भाऊंच्या डोक्यात ट्रोलिंग शिरलं. म्हणजे होडी संथ चालू ठेवायची, मागे लांब दोरीवर नकली मासा ओढत न्यायचा आणि सुरमईनं त्याला खरा समजून झडप घालायची. त्यात निवडायचं काय, काठी, रीळ, दोरी, झालं, असं मी बोलून गेलो. 'गाणं म्हणजे काय, तोंड उघडायचं' असं कोणी म्हटल्यावर गवई बघेल, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "साडूभाऊ, मित्राची होडी छोटी आहे. लांब काठी घेतली तर मासा जवळ येईपर्यंत टोक तुमच्या डोळ्यात! आणि सुरमईचे दात बघितलेत? दोरी पापडासारखी मोडेल. गळाच्या आधी तार हवी." ती तार जाड असली तर मासा बुजतो, बारीक असली तर पिळते, हे सांगताना त्यांचा चहा निवायचा. नकली मासे ते आधी बादलीत पोहवून बघत. बादली अपुरी पडल्यावर तलावपाळीच्या कठड्यावरून गळ काढलेला एक मासा ओढत चालू लागले. समोरून येणाऱ्या एका पोरीनं त्या पाण्यात गेलेल्या दोरीकडे बघून विचारलं, "काका, कुत्रा बुडाला का?" भाऊ रागावले नाहीत. थांबून त्यांनी तिला मासा दाखवला आणि तो डावीकडे का कलतो ते समजावून सांगितलं. कोणाचाही वेळ घेताना त्यांना कधी संकोच वाटत नाही, आणि गंमत म्हणजे वेळ गेल्याचं वाईट कोणालाच वाटत नाही.

राहिला रिळाचा ब्रेक. मासा पळाला पाहिजे, पण दोरी तुटता कामा नये, इतपतच तो आवळायचा. अंदाज घ्यायला मासा लागतो. एका रविवारी ठाकुर्लीला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो मी झालो. दोरी माझ्या पट्ट्याला, दुकानदाराकडून मागून आणलेली काठी भाऊंच्या हातात, भाऊ प्लास्टिकच्या खुर्चीत. "पळा!" मी पळालो. तिसऱ्या खांबापाशी माझं समुद्रजीवन संपलं. "सुरमई अशी कमरेवर हात ठेवून उभी राहत नाही!" भाऊ ओरडले. वरून बायको ओरडली, "अहो भाऊ, त्यांना बीपी आहे, सैल सोडा!" भाऊंनी सैल सोडलं आणि रिळावर खूण करून ठेवली.

हे असंच सुखात चालू राहिलं असतं. पण एका संध्याकाळी हरेशचा फोन आला. हरेश म्हणजे भाऊंचा शाळेपासूनचा कोळी मित्र. वसईकडच्या किनाऱ्याला त्याची इंजिनाची छोटी होडी असे. होडी त्याची, काठी भाऊंची आणि पहिली सुरमई दोघांची, असा त्यांचा जुना करार होता. आता हरेशचे गुडघे गेले होते, मुलगा मोठ्या जहाजावर नोकरीला लागला होता. होडी विकली, पुढच्या आठवड्यात नवा मालक न्यायला येणार. ताई सांगतात, फोन ठेवून भाऊ एवढंच म्हणाले, "मग आता घ्यायलाच हवी." दुसऱ्या दिवशी त्यांनी आखूड, ताठ काठी, रीळ, तार, सगळं एकाच फेरीत विकत घेतलं. वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या दुकानदारानं काळजीनं विचारलं, "साहेब, घरी सगळं ठीक ना?"

नवा मालक यायच्या आत हरेशच्या होडीतून आम्ही तिघे निघालो. किनारा पुसट झाला तसा मी होडीच्या कडेला ओणवा झालो आणि बराच वेळ तसाच राहिलो. त्यामुळे काठी वाकलेली मला दिसली नाही, रिळाची किंकाळी तेवढी ऐकू आली. ब्रेक माझ्या मापाचा होता, आणि सुरमईला बीपी नव्हतं. दोरी सरसर संपत चालली. भाऊंनी घाई केली नाही. घरातल्या झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये म्हणून दार लोटावं, तसा तो ब्रेक ते आवळत गेले. मासा थांबला. तार टिकली, गाठ टिकली, काठी टिकली. इतक्या वर्षांत त्यांनी निवडलेलं सगळं टिकलं.

आणि मग त्यांनी वळून काठी हरेशपुढे धरली. "धर."

"आरं, तुजी हौस हाय. मना कशाला?"

"माझी निवडायची हौस होती. ती झाली. धर गाढवा, सुटेल ती! साडूभाऊ, उलट्या पुरे, सुकाणू धरा."

हरेशनं काठी धरली. जन्मभर जाळी ओढलेला तो माणूस कधी माशाला, कधी भाऊंना शिव्या घालत, मधेच खदखदून हसत ओढत राहिला. त्याच्या गुडघ्यांना भार नको म्हणून भाऊ मागून त्याची कंबर धरून उभे होते. सुरमई होडीत येऊन आपटली तेव्हा दोघंही तिच्यासोबतच खाली बसले.

परतताना काठी गुंडाळून ठेवली होती, मासा ओल्या गोणपाटाखाली होता. मागे ओढायला आता काही नव्हतं. तरी हरेशनं इंजिन संथच ठेवलं. किनारा दिसत होता आणि जवळ येत नव्हता. जरा दामटा, असं अगदी माझ्या ओठांवर आलेलं. भाऊ हरेशच्या शेजारी खांद्याला खांदा लावून बसले होते. मी तोंडावर पाणी मारलं आणि पुन्हा कडेला ओणवा झालो.