ज्याला सगळे तिजोरी म्हणत

तिने त्याला पहिल्यांदा नीट पाहिलं ते औषधांच्या दुकानाच्या काउंटरमागून. रस्त्यापलीकडे दोन खुर्च्यांचं सलून होतं आणि त्याच्या दाराला तीन पायऱ्या. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत पहिल्या पायरीपाशी आले आणि तिथेच अडले. गुडघे पुढे जाऊ देईनात. आतून एक तरुण कारागीर बाहेर आला. "या, हात धरतो" असं काही तो म्हणाला नाही. त्याने स्टूल आणून फुटपाथवर मांडलं आणि मोठ्याने म्हणाला, "आत फार उकडतंय हो, इथेच बसायचं का?" आत पंखा गरगर फिरत होता, हे तिला काउंटरमागूनही दिसत होतं.

दाढी झाल्यावर त्याने आरसा धरला तोही बेताने, गुळगुळीत गाल दिसावेत पण थरथरणारी मान दिसू नये असा. ती बघतच राहिली. शेवटी समोरचं गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "बाई, बाटली देताय, की नुसतीच दाखवताय?"

वर्षाच्या आत त्यांचं लग्न झालं.

सलून त्याचं आणि धाकट्या भावाचं मिळून होतं. धाकटा बोलघेवडा, हा ऐकणारा. गळ्याभोवती कापड बांधलं आणि मान मागे टेकली की माणसाला का कोण जाणे, मन मोकळं करावंसं वाटतं. "गळ्यावर वस्तरा असताना खोटं बोलायची कुणाची छाती आहे?" असं धाकटा म्हणायचा. कुणाची सोयरीक मोडायला आलेली, कुणाचा मुलगा तिसऱ्यांदा नापास झालेला, कुणाला साहेब छळतोय. सगळं याच्या कानात पडे आणि तिथेच राही. गिऱ्हाइकांनी त्याचं नावच तिजोरी ठेवलं होतं. ती घरी खोदून पाही.

"आज काय बातमी?"

"झाडून टाकली केसांबरोबर."

"बायकोपासूनही लपवायचं का?"

"कोण कसल्या गोळ्या नेतं, ते तू मला सांगतेस का?"

तीही सांगत नसेच. न सांगितलेल्या गोष्टींवर दोघांचा संसार मोठा छान चालला होता.

एकोणीस वर्षांनी, एका सकाळी, सलूनमधली ट्यूब बदलायला तो स्टुलावर चढला आणि तोल जाऊन मागच्या मागे पडला. डोकं लोखंडी खुर्चीच्या पायटेकणीवर आपटलं. दोन दिवस शुद्ध नव्हती. पुढचे नऊ दिवस तो दवाखान्यात होता. त्यातल्या एका सकाळी त्याने चहा मागितला, आणि साखर कमी आहे म्हणून कुरकुर केली, तेव्हा तिने देवाला हात जोडले. घरी सोडताना एका तरुण डॉक्टरने दोन पानी कागद हातात दिला आणि गोळ्या समजावून सांगितल्या. तिने गोळ्यांची नावं वाचली, वेळा वाचल्या, आणि कागद घडी घालून कपाटात ठेवला. डॉक्टरांची अक्षरं लावण्यात जिचं अर्धं आयुष्य गेलं होतं, तिने त्या कागदाच्या मागच्या बाजूला काय लिहिलंय ते पाहिलंच नाही. जखम भरली होती. माणूस चालत होता, जेवत होता. आणखी काय हवं?

दीड महिन्याने तो खुर्चीमागे उभा राहिला. हात पूर्वीसारखेच होते. वस्तऱ्याची धार, कात्रीची लय, कानामागची सफाई, कशातही उणं नव्हतं. बदलली होती ती जीभ. पहिल्याच दिवशी तो एका कारकुनाला म्हणाला, "चार केस आहेत, त्यात भांग कुठे पाडू? पाडायचाच तर कानावर पाडतो." दुकान हसलं. कारकूनही हसला. धाकटा घरी येऊन म्हणाला, "वहिनी, दादाला पडल्यापासून विनोद सुचायला लागलेत."

पण विनोद करणाऱ्याला समोरच्याचा चेहरा दिसतो. याला तो दिसत नव्हता. लठ्ठ माणसाला तो लठ्ठ म्हणे, आणि तो माणूस का गप्प झाला हे त्याला कळत नसे. दुपार झाली की थकून चिडचिड करी. शेजारी मिक्सर सुरू झाला तरी कानांवर हात ठेवी. घरी एकच प्रश्न चारदा विचारी. कुणी "आंघोळीला जा" म्हटलं नाही तर बनियनवर तसाच बसून राही. तिला वाटलं, मरणाच्या दारातून परत आलेला माणूस शेफारलाय. सगळ्यांनी लाड केले, आता डोक्यावर बसलाय. ती एकदा म्हणालीसुद्धा, "डोक्याला मार लागलाय, हातापायाला नाही. उठा की जरा."

तो उठला नाही. तो का उठत नाही, हे त्यालाही सांगता येत नव्हतं.

मग तो रविवार आला.

एक जुनं गिऱ्हाईक दाढीला बसलं होतं, आणि बाकावर त्याचे सासरे वर्तमानपत्र चाळत होते. दाढीला बसलेल्या या गृहस्थाची बऱ्याच वर्षांपूर्वी नोकरी गेली होती. चार महिने तो घरी काही न सांगता रोज डबा घेऊन निघे आणि याच सलूनच्या बाकावर दिवस काढी. पुढे दुसरी नोकरी लागली, दिवस पालटले. ही गोष्ट फक्त तिजोरीला ठाऊक होती. धाकट्यालाही वाटे की माणूस रजेवर आहे.

एका गालाची दाढी झाली. दुसऱ्या गालावर फेस होता. तिजोरी आनंदाने म्हणाला, "तो बाक ओळखलात का? चार महिने बसला होतात. बायकोला सांगायचात ऑफिसला चाललो, आणि डबा खायचात इथे. भेंडी असली की मला द्यायचात."

सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"जावईबापू, हे कधीचं?"

जावईबापूंनी गळ्याचं कापड स्वतःच सोडलं आणि एका गालावर फेस तसाच ठेवून तीन पायऱ्या उतरून निघून गेले. भर रस्त्यातून. लोकांनी पाहिलं. ती औषधांच्या दुकानात नव्हती, रविवार होता, पण संध्याकाळपर्यंत तिच्या कानावर ते सात जणांकडून आलं.

त्या आठवड्यात जुनी गिऱ्हाइकं एकेक करून पलीकडच्या चौकातल्या सलूनमध्ये जाऊ लागली. तिजोरी फुटली म्हटल्यावर आपापला ऐवज प्रत्येकाला आठवला. धाकटा घरी आला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "वहिनी, तुम्ही सांगाल तसं करू. घरीच ठेवायचं, की थोडे दिवस बघायचं?"

थोडे दिवस बघायचं, असं ती म्हणू शकली असती. हे वाक्य तिने नंतर मनात किती वेळा म्हटलं, त्याला गणती नाही. तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे तो अर्धा फेसाळलेला चेहरा होता. ती म्हणाली, "भाऊजी, खुर्ची काढून घ्या त्यांच्याकडून."

तो आतल्या खोलीतून बाहेर आला. "मी खोटं बोललो का?"

"खोटं नाही. पण ते तुमचं नव्हतं सांगायचं."

"बरोबर." त्याने मान हलवली. दहा मिनिटांनी पुन्हा दारात उभा. "मी खोटं बोललो का गं?"

तेव्हा तिचा तोल गेला. "जिभेला हाड नाही तुमच्या! विश्वासाने माणसं येत होती, त्यांच्या अब्रूची हजामत केलीत. माणसात बसायच्या लायकीचे राहिला नाहीत तुम्ही!"

धाकटा हलक्या पावलांनी निघून गेला.

त्यानंतर अकरा महिने तो घरात होता. वस्तरा, ब्रश, कात्री सगळं तिने फडक्यात बांधून माळ्यावर टाकलं. ती सकाळी कामावर जाताना तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसलेला असे, आणि संध्याकाळी यावं तर तसाच. कधी भाजी खारट म्हणून ताट भिरकावी, कधी कारण नसताना रडे. ती याला रुसणं समजली. रुसू दे, ती म्हणे. एक दिवस कळेल. एकाच छपराखाली दोघं दोन घरांसारखी राहत होती.

मग एका सकाळी त्याला फिट आली. दवाखान्यात जुना कागद मागितला, तो तिने कपाटातून काढून दिला. या वेळी एक पोक्त डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कागद उलटा करून मागची बाजू वाचली, आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"स्वभावात, बोलण्यात बदल दिसला तर महिन्याच्या आत घेऊन या, असं लिहिलंय इथे. कधीपासून दिसतोय?"

"वर्ष होऊन गेलं."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं. त्यांनी कपाळावर बोट ठेवून सांगितलं की मेंदूच्या या पुढच्या भागाला मार बसलाय. मनात आलेलं बोलायचं की गिळायचं, हे इथे ठरतं. उठायचं, कामाला लागायचं, हेही इथेच. "मुद्दाम नाही करत ते. आणि मनात इतकी वर्षं दाबलेलं बाहेर येतंय, असंही समजू नका. काम काय करायचे?"

"दाढी-कटिंग."

"हात चालतात?"

"हात छान चालत होते. मीच काढलं कामावरून."

बाई म्हणाल्या, "शांत जागा, थोडी माणसं, जवळ कुणीतरी आठवण करून देणारं, असं काम पहिल्या वर्षात मिळायला हवं होतं. तेव्हा सुधारायला वाव जास्त असतो. आता होणारच नाही असं नाही. पण तेव्हा जास्त झालं असतं."

घरी आल्यावर ती त्याच्यासमोर खाली बसली.

"माझं चुकलं. मी तुमची खुर्ची काढून घेतली. नको ते बोलले."

"कधी?"

"वर्षापूर्वी. माणसात बसायच्या लायकीचे नाही, म्हणाले."

त्याने आठवून पाहिलं, मनापासून, कपाळाला आठ्या घालून. "छे गं! मी सुट्टीवर आहे ना? धाकट्याने सांगितलंय आराम कर म्हणून." मग तिचे डोळे पाहून तिच्या खांद्यावर थोपटत म्हणाला, "असू दे. होतं असं." काय झालं होतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. ज्याच्या लक्षातच अपराध नाही, त्याच्याकडून क्षमा घ्यायची कशी? आणखी दोनदा तिने प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्याने तसंच थोपटलं. मग तिने तो विषय आपल्यापाशीच ठेवला.

ती धाकट्याकडे गेली. त्या खुर्चीमागे आता दुसरा कारागीर होता, दोन लेकरांचा बाप. धाकटा हात चोळत म्हणाला, "वहिनी, तुम्हीच म्हणाला होतात..." टोमणा नव्हता तो. म्हणूनच लागला. त्या तिन्ही पायऱ्या ती एकेक मोजत उतरली.

डॉक्टरीणबाईंनीच मग हाडांच्या वॉर्डात विचारून दिलं. पाय वर टांगलेल्या माणसांच्या दाढ्या वाढतात आणि करणारं कुणी नसतं. तिने माळ्यावरचं फडकं काढलं. औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: पाणी, फेस, दाढी, तुरटी, पुसणे, पुढची खाट. दुकानाच्या मालकाकडून आठवड्यातल्या दोन सकाळी मागून घेतल्या.

पहिल्या खाटेवर एक ट्रकड्रायव्हर होता. ती आधीच म्हणाली, "दादा, यांच्या डोक्याला मार लागलाय. काही बोलले तर मनावर घेऊ नका. आणि कृपा करून गुपित काही सांगू नका."

तिजोरी फेस घोटत म्हणाला, "हो, मला सांगू नका. मी सांगून टाकतो."

ड्रायव्हर इतका हसला की टांगलेला पाय हलला आणि तो कळवळला. "म्हणजे बिनपाण्यानेच करणार म्हणा की!"

"पाणी आहे," तो पुठ्ठ्याकडे बघत गंभीरपणे म्हणाला. "पहिलंच लिहिलंय."

वस्तरा गालावरून उतरला, पूर्वीसारखाच, एका दमात. ती खाटेच्या पायथ्याशी उभी होती. अकरा महिने हे हात भिंतीसमोर रिकामे बसवून ठेवले होते, आणि ते तिने ठेवले होते.

तो आता मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी नऊ ते साडेअकरा, त्या वॉर्डात दाढ्या करतो. सहाच्या वर खाटा घेत नाही. सातवी घेतली तर त्याचं डोकं दुखतं.