आबांचं द्वारदर्शन

१२ जानेवारी. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून मेथी निवडत होते आणि माझे सासरे, आबा, अंगणात आरसा टांगून दाढी करत होते. त्यांना वारून तेव्हा एक रात्र उलटली होती.

बातमी मीच दिली होती.

मी पुण्याच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते, जळगावच्या घरातून. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, यावर माझं पोट. (घरच्यांच्या फुकट शोधते.) नोकरीच्या जोडीला मी एक उद्योग काढला होता. लग्नाचा, वास्तुशांतीचा निरोप आबांच्या आवाजात भरायचा आणि कॉम्प्युटरवरून सगळ्या पाहुण्यांना एकदम फोन लावायचा. आबांचा आवाज असा, की नुसतं "जेवायला या" म्हणाले तरी माणूस आहेर घेऊन निघावा! लग्नसराईत तर पगार लाजेल इतके पैसे सुटायचे. फक्त कंपनीचा एक नियम होता: बाहेरचं काम करायचं तर आधी लेखी परवानगी, नाहीतर नोकरी गेली समजा. ती परवानगी मी उद्या मागणार होते. रोजच उद्या.

मग गिऱ्हाइकं द्वारदर्शनाचेही, म्हणजे कुणी गेल्यावर दारावर भेटायला येण्याचेही, निरोप मागू लागली. नमुन्याला नाव हवं. जिवंत शेजाऱ्याचं घालावं तर भांडण, गेलेल्याचं घालावं तर बरं दिसत नाही.

"मनं नाव घाल," आबा म्हणाले. "माले काय फरक पडस?"

स्वतःच्या निधनाची बातमी त्यांनी अशा भारदस्त सुरात वाचली, की मलाच हुंदका आला. 'उद्या सकाळी राहत्या घरी द्वारदर्शन.' हा निरोप 'नमुना' या यादीला पाठवायचा होता. तिच्यात फक्त माझा नंबर. तिच्या लगेच खाली 'नातेवाईक' ही यादी. दोन्ही 'न'वरून. बोट एक ओळ खाली पडलं आणि मी समाधानाने स्वयंपाकाला लागले.

एकाने तरी उलट फोन करून विचारावं? छे! आमच्याकडे दुःखाच्या घरी फोन करत नाहीत, थेट दारावर जातात.

तर मेथी निम्मी झाली होती, इतक्यात गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि अमळनेरच्या अक्कांचा, आबांच्या थोरल्या बहिणीचा, टाहो आला.

"ओ मना भाऊ रे! माले सोडीसन कथा गया रे!"

"मॅडम, कसला आवाज?" आमचे साहेब कुणाल यांनी पडद्यावरून विचारलं.

"टीव्ही आहे, सर."

"मना आबा गया वं माय!"

कुणाल सरांनी चष्मा काढला. "मॅडम, अशा वेळीही तुम्ही मीटिंगला बसलात? सगळे उभे राहा." सगळे उभे राहिले. मीही राहिले, हातात मेथी घेऊन! "आठवडाभर भरपगारी रजा. काम करायचं नाही," म्हणून त्यांनी मीटिंगच बंद केली.

बाहेर आबा तोंडभर फेस घेऊन फाटकात उभे होते.

"आठेच शे वं अक्का! दाढी करी ऱ्हायनू!"

"मंग फोनमा कोन बोलनं?"

"मीच बोलनू."

"मरेल मानूस सोताच सांगस का रे?"

जीपमधली मंडळी आबांकडे बघायची, मग माझ्याकडे. आबांकडे बघताना नजर मऊ होत होती. अक्कांनी आबांचा फेसाचा गाल धरला आणि त्या नव्याने रडू लागल्या. एका लग्नातल्या मानपानावरून त्यांनी आमचं दार वर्ज्य केलं होतं.

"जित्ता व्हतू तवय का नही उनी?" आबांनी हळूच विचारलं.

अक्कांनी पदराने त्यांच्या गालावरचा फेस पुसला. मी चहा ठेवला.

निघताना अक्का उंबऱ्यात अडल्या. दुःखाच्या घरून जाताना "येते" म्हणत नाहीत. त्यांनी भावाला पुन्हा एकदा नीट पाहिलं आणि ठणकावून म्हणाल्या, "येसू!"

माझं मात्र अवघड होतं. रजा घ्यावी तर समोर भाकरी खाणाऱ्या सासऱ्याच्या मरणाचा पगार खायचा. खरं सांगावं तर जोडधंदा उघडा पडून नोकरी जायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाल सरांना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे सासरे आहेत?"

"आहेत, सर. मेथीची भाजी परत मागतायत."

"आजच लेखी अर्ज पाठवा. वर बोलून परवानगी मिळवतो. पण मॅडम, निरोप पाठवण्याआधी एखाद्या तपासणाऱ्याला दाखवत जा."

इतकी वर्षं मी तेच काम करते, हे दोघांनाही आठवलं असावं.

अर्ज पाठवला. नमुन्यातून आबांचं नाव काढून माझं घातलं, त्यांच्याकडून नव्याने वाचून घेतलं आणि तपासायलाही त्यांनाच बसवलं. माझ्या निधनाची बातमी त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली आणि मान डोलावली.

"आते बठ्ठं बरोबर शे. एकबी चूक नही."