कंबरभर पाण्याचं माप

हे गेल्यावर भेटायला आलेल्या माणसांत सगळ्यांत मोठ्याने जी रडली, ती बाई आमच्या नात्यातली नव्हती. आमच्या नाल्यावर वरच्या अंगाला जे शेवटचं गाव आहे, तिथली ती एके काळची सरपंच. तिच्याभोवती पाच-सहा बायका गोळा झाल्या. एकीने पाणी आणलं, एकीने पाठीवरून हात फिरवला. मी भिंतीशी सतरंजीवर बसून पाहत होते. त्या दिवसापर्यंत माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. तिला तसं रडताना पाहून मला जे वाटलं ते दुःख नव्हतं. ते जुनं आणि ओळखीचं होतं. माझ्या नवऱ्यासाठी रडण्यातही ही बाई माझ्यापुढे निघून गेली, असं वाटलं.

हे मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या नगरपालिकेत उपयंत्री, म्हणजे कनिष्ठ अभियंता, होते आणि मी नगरपालिकेच्याच वाचनालयात ग्रंथपाल. दोघेही कमी बोलणारे. ह्यांचं अक्षर फार वाईट, म्हणून त्यांचे अहवाल मी स्वच्छ लिहून द्यायची. मोजणीला जाताना ते एक शिवलेली वही नेत आणि तीत मराठीत लिहीत. सुटीच्या दुपारी मी त्याचं हिंदी करून ते फुलस्केप कागदांवर उतरवायची. खाली सहीपुरती जागा सोडायची. हे समोर बसून एकेक कागद वाचत आणि सही करत. कौतुक कधी केलं नाही, पण माझ्या कागदावर त्यांनी कधी खाडाखोडही केली नाही. आमच्या संसारातला सगळ्यांत जवळचा वेळ तोच होता, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

नव्वदच्या दशकात पंचायतींमध्ये बायकांना जागा मिळाल्या, त्यानंतरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट आहे. आमचा नाला सात गावांच्या धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून, शहरात येतो आणि पुढे वैनगंगेला मिळतो. नदी फुगली की त्याच्या तोंडाशी नदीच आडवी उभी राहायची. पाणी उलटं फिरायचं, आधी शहराच्या खालच्या वॉर्डांत शिरायचं आणि मग मागे मागे सरकत गावांत. शहर म्हणायचं, पाणी गावांकडून येतं. गावं म्हणायची, शहराने नाल्याच्या तोंडावर घरं बांधली म्हणून ते आमच्याकडे परत येतं. दोघांचंही खरं होतं. जिल्ह्याच्या कचेरीने सांगितलं की पूर्ण नाल्याचा एक आराखडा आणा, मग कामांचं बघू. पण आराखडा करायलाच पैसा हवा होता, आणि तो एकट्या नगरपालिकेला झेपणारा नव्हता. तेव्हा ह्यांनी सुचवलं की नगरपालिका आणि सात पंचायती, आठही जणांनी मिळून आपापला वाटा घालावा, आणि तसा ठराव एकाच बैठकीत करावा. एकाने हात आखडता घेतला असता तर बाकीच्यांनीही घेतला असता, हे उघड होतं. ह्यांच्या सगळ्या नोकरीत कोणी न सांगता हाती घेतलेलं काम हे एवढंच.

बैठकीत ठेवायला आधी एक यादी हवी होती. मागच्या मोठ्या पुरात कोणत्या घरात पाणी कुठवर चढलं, याची. तिथेच ह्यांचं अडलं. पूर ओसरला की आमच्याकडच्या बायका आठ दिवसांत भिंती पोतारून टाकतात. ओलीची रेघ चुन्याखाली जाते. माणसांना विचारलं तर उत्तर अंगाच्या मापात मिळायचं. गुडघाभर, कंबरभर, छातीभर. पण सांगणारा बुटका की उंच, ते नकाशात कसं लिहिणार?

ह्यावर तोड काढली ती त्या वरच्या गावाच्या सरपंच बाईने. तिचं माहेर खैरलांजीकडचं. चौथीपर्यंत शिकलेली, उंच, हाडापेराने मोठी. बाकीच्या गावांतही दोघी-तिघी बायका सरपंच होत्या, पण बैठकांना त्यांचे नवरे यायचे. सरपंचपती म्हणत त्यांना. हिचा नवरा तिला सायकलवर डबल सीट घेऊन यायचा आणि बाहेर चहाच्या टपरीवर बसायचा. ती ह्यांच्याबरोबर सातही गावं फिरली, शहराच्या खालच्या वॉर्डांतसुद्धा. दर घरी भिंतीशी स्वतः उभी राहायची आणि घरच्या बाईला म्हणायची, माह्या अंगावर दाखव. ती बाई हसत तिच्या कंबरेला नाहीतर छातीला हात लावायची. हे वहीत घरापुढे एक शब्द लिहायचे. एकाच अंगाचं माप सगळ्या घरांना लागू झालं, त्यामुळे यादी खरी झाली. त्या अंगाचं माप तेवढं एकदा घेऊन ठेवलं की पुरे होतं.

हे सगळं मला जेवताना कळायचं. एरवी ताटावर न बोलणारा माणूस बोलू लागला होता. सरपंच बाई म्हणतात पुलाखालची मोरी रुंद करून भागणार नाही. सरपंच बाई म्हणतात पाण्याला पसरायला एक पडीक बांधी सोडली पाहिजे. एका जेवणात किती वेळा ‘सरपंच बाई म्हणतात’ येतं ते मी मोजू लागले. मी इतकी पुस्तकं वाचली होती, पण ह्यांनी माझं एखादं वाक्य असं कोणापुढे सांगितल्याचं मला आठवत नव्हतं. एकदा ते तिच्या घरी जेवून आले आणि म्हणाले, लाखोळीच्या भाजीला इतकी चव असते हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून लाखोळीची भाजी आणून केली. त्यांनी ती खाल्ली आणि ती कसली भाजी आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

मग एका सुटीच्या दुपारी यादी स्वच्छ करण्यासाठी वही माझ्यापुढे आली. पहिल्याच पानावर तीन ओळी होत्या. गुडघा, अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. कंबर, एक मीटर दोन. छाती, एक मीटर सव्वीस. ह्यांच्या त्या वाईट अक्षरात, पण जपून लिहिलेलं.

“ही कोणाची मापं?” मी विचारलं.

“सरपंच बाईची,” हे म्हणाले. पुलाच्या मोरीची म्हणावीत तसं. ती स्टाफला, म्हणजे त्यांच्या मोजणीच्या लाल-पांढऱ्या पट्टीला, पाठ लावून उभी राहिली, पंचायतीच्या सचिवाने आकडे वाचले आणि ह्यांनी लिहिले. एवढंच झालं होतं. मला ते तेव्हाही समजलं होतं.

तरी मी म्हटलं, “माही किती असन?”

“कशाची?”

त्यांनी वर पाहिलं, जरा विचार केला आणि साध्या मनाने म्हणाले, “तुही काहून लागन? आपल्या घरी कुठं पाणी येते?”

आमचं घर उंचावर होतं. पाणी कधीच येत नव्हतं. ह्यात कोणाचा दोष नव्हता.

यादी मी पूर्ण उतरवली. घरांपुढचे ते गुडघे, कंबरा सगळं लिहिलं. पहिलं पान मात्र उतरवलं नाही. ते वहीच्या शिवणीतून अलगद सोडवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयातल्या मोठ्या शब्दकोशात ठेवून दिलं. तो कोश माझ्याशिवाय कोणी उघडत नसे. बैठक तोंडावर आली होती, ह्यांनी त्या वेळी कागद न वाचताच सह्या केल्या. त्या पानावाचून यादीला काही अर्थ उरणार नाही, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मला माहीत होतं. एका बाईच्या कंबरेची उंची माझ्या हाताने सुंदर अक्षरात लिहून, ह्यांच्या सहीसाठी खाली जागा सोडावी, हे मला जमेना.

बैठक वाचनालयाच्याच सभागृहात झाली. मी टेबलं सरकवून खुर्च्या मांडल्या आणि इतिवृत्त लिहायला कोपऱ्यात बसले. नगरपालिकेचे अध्यक्ष, सात पंचायतींची माणसं, जनपदचे, म्हणजे तालुका पंचायतीचे, एक साहेब, असे सगळे आले. सुरुवात चांगली झाली. हे उभे राहून यादी वाचू लागले. पाच-सहा घरं झाली असतील. मग मधल्या एका गावाचा सरपंचपती, ज्याला पहिल्यापासून वाटा द्यायचा नव्हता, खुर्चीत मागे रेलून म्हणाला, “साहब, ये कमर भर, कमर भर जो चल रहा है, ये किसकी कमर है? हमारी, कि हमारे भैंसे की?”

सगळे हसले. हेही जरा हसले आणि म्हणाले की माप सुरुवातीलाच दिलं आहे. त्यांनी अहवालाचं पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. मग वही उघडली. वहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून लिहीत राहिले. शब्दकोश माझ्या पाठीमागच्या कपाटात होता. उठून चार पावलं टाकली असती तर झालं असतं.

सरपंचपती म्हणाला की अंदाजपंचे कामाला आमचं गाव पैसा देणार नाही. दुसऱ्या एकाने मान डोलावली. अध्यक्ष घड्याळ पाहू लागले. हे वहीची पानं पुन्हा पुन्हा उलटत होते. त्यांना असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात ती उठली. ह्यांनी दाखवायला आणलेली मोजणीची पट्टी भिंतीला टेकवून ठेवली होती, तिच्याजवळ गेली. पदर खोचला आणि पट्टीला पाठ लावून उभी राहिली.

“माही कंबर हाय,” ती म्हणाली. “सचिव, वाचा.”

सचिवाने वाचलं. एक मीटर दोन. तिने गुडघा दाखवला, मग छातीवर आडवा हात धरला. सचिवाने तेही वाचलं. ह्यांनी लिहून घेतलं आणि मीही इतिवृत्तात लिहिलं, कारण लिहिणं भाग होतं. सभागृहात कोणी हसत नव्हतं.

मग ती त्या सरपंचपतीला म्हणाली, “भाऊ, तुमच्या घरी बी मीच उभी राह्यली होती. तुमच्या बायकोनं छातीले हात लावला. तवा तुमी कुठं होते?” माणसं पुन्हा हसली, या वेळी त्याला. ती खाली बसता बसता म्हणाली, “आता हसून झालं असन त सही करा.”

आठही सह्या झाल्या. पुढे आराखडा झाला, दोन मोऱ्या रुंद झाल्या, एका गावाने पाण्यासाठी पडीक जागा सोडली. सगळं झालं नाही, पण खालच्या वॉर्डांत पूर्वीसारखं पाणी चढलं नाही. त्या संध्याकाळी हे जेवताना म्हणाले, ते पान माझ्याकडूनच कुठंतरी पडलं असन. मी भात वाढला. त्यांनी मला काही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यानंतर मी त्यांना एक प्रश्न विचारू शकले असते, की तुम्हाला संशय आला होता का. आता तोही राहिला.

तर ती भेटायला आली होती. आता ती वाकली होती, केस सगळे पांढरे झाले होते. नवरा ह्या वेळीही बाहेरच, ऑटोत बसून राहिलेला. रडणं आवरल्यावर ती माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, “बाई, साहेबाची ते मोजणीची वही हाय का?”

मी वही आणली. तिने ती मांडीवर घेतली, पानं उलटली नाहीत. पहिल्या पानाच्या जागी शिवणीचा दोरा सैल झाला होता, तिथे बोट ठेवलं.

“इथं होतं ते.”

मी उठले. वाचनालयातून सेवानिवृत्त होताना ते पान मी घरी आणलं होतं आणि घरच्या शब्दकोशात ठेवलं होतं. ते आणून तिच्यापुढे धरलं. तिने पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मले वाटलंच होतं,” ती म्हणाली. “त्या दिवशी सगळे साहेबाकडं पाहून राह्यले होते. तुमी एकल्याच खाली पाहत होत्या.”

“तुम्ही सांगितलं का ह्यांना?”

“मी काहून सांगू?” ती म्हणाली. मग पान माझ्याकडे वळवून, “वाचा न.”

मी वाचलं. गुडघा, कंबर, छाती. माझ्या आवाजात ते पहिल्यांदाच ऐकू आलं. ती मान हलवत ऐकत होती.

“आता तेवढी नाही राह्यली मी,” ती म्हणाली. मग पानावर हात ठेवून तिने विचारलं, “हे मले देता का? साहेबाच्या हातचं हाय.”

इतकी वर्षं तिने माझी चूक झाकून ठेवली होती. माझ्या नवऱ्यासाठी ती माझ्यापेक्षा जास्त रडली होती. द्यायला हरकत नव्हती. मी तिला थांबायला सांगितलं, फुलस्केप कागद घेतला आणि आमच्या त्या टेबलाशी बसून तिन्ही ओळी स्वच्छ उतरवल्या. ह्या वेळी मराठीतच. वर तिचं पूर्ण नाव आणि गाव लिहिलं. खाली सवयीने सहीची जागा सुटली. ती जागा दिसली आणि तिथेच मला पहिल्यांदा रडू आलं. बायका उठून माझ्याजवळ आल्या. सरपंच बाई जागची हलली नाही.

मग मी त्या जागेवर ‘सत्यप्रत’ असं लिहिलं आणि माझी सही केली. तिने कागदाची घडी केली, पिशवीत ठेवली आणि नवऱ्याला हाक मारली. मूळ पान मी तिला दिलं नाही.