डावीकडून खोचलेले भारे

दिवाळीच्या सुट्टीत मी शहापूरच्या वसतिगृहातून डोळखांबकडच्या आमच्या पाड्यावर गेले, तेव्हा बाबांनी स्वतः उठून मला पाण्याचा तांब्या आणून दिला. पाहुण्याला देतात तसा. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. गेल्या दोन वर्षांत बाबा माझ्याशी जरा जपूनच बोलायला लागले होते. मला ते टोचायचं, पण कसं सांगावं हे कळत नव्हतं.

भात कापून शेतात पडलं होतं. मी शेतात निघाले तर बाबा म्हणाले, "तू बस गो घरात. अभ्यास असंल."

तरी गेले. ऊन पिवळं, मऊ होतं. हवेत कुसळं तरंगत होती आणि सगळं झोपेत पाहिल्यासारखं वाटत होतं. बांधाच्या कडेला बसून मी भारे बांधायला लागले. भिजवलेल्या पेंढ्याला पीळ द्यायचा, तो भाताभोवती फिरवायचा, टोक आत खोचायचं. मनात काहीच नव्हतं. हात आपले आपण चालले होते आणि मी त्यांच्याकडे लांबून बघत होते.

दोन दिवसांनी खळ्यावर झोडणी लागली. आत्याने एक भारा सोडायला टोक ओढलं, तर बंद सुटायच्या ऐवजी आवळला. दुसराही तसाच.

"दादा, परत डावीकडनं खोचलंस ना? आमच्या हाताची सालं काढतो नुसता!"

"माझे नाय ते," बाबा म्हणाले. "माझे तिकडं हायत."

"मग काय भूत येऊन बांधून गेलं?"

सगळे हसले. "माझे आहेत," मी हळूच म्हटलं.

बाबा डावखुरे, म्हणून त्यांचा बंद उलटा बसतो. मी लिहिते, जेवते उजव्या हाताने. भारे बांधायला मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. लहानपणी बघून आलं असेल, की रक्तातूनच आलं, मला अजून ठरवता येत नाही.

"आपला बा पन असाच बांधायचा," आत्या म्हणाली. "आई रोज शिव्या घालायची त्याला."

आजोबांना मी पाहिलेलं नाही. त्यांचा फोटोही नाही. पण त्या क्षणी कुणीतरी माझ्या हातांच्या आत हात घालून बसलंय असं वाटलं.

बाबा आले, माझ्याशेजारी उकिडवे बसले. त्यांनी टोक ओढलं नाही. अंगठ्याने खालून वर ढकललं, तसा बंद सैल पडला.

"असा सोडायचा आपला," ते म्हणाले. सुटलेला बंद बाजूला टाकला. मग म्हणाले, "उरलेले तूच सोड. या बाकीच्यांना नाय जमायचं."

ते परत झोडायला गेले. पुढचा भारा त्यांनी मागे न बघताच माझ्याकडे फेकला.