चिकोडीच्या बसमधला मल्लूअण्णा

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. अमावस्येला स्मशानात बसून मी भडंग खाल्लंय... एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या वेळी मीठ जास्त होतं, तेवढीच तक्रार. तरीही हे लिहितोय. माझं नाव लिहिणार नाही, बाकीची बदललीत, का ते पुढं कळेल.

मी बेळगावात वडगावचा, यंत्रमागावर साड्या विणतो. आमच्या शेडमध्ये माग सुरू झाले की कानाशी तोफ उडवली तरी ऐकू येत नाही. त्यामुळे आम्ही नुसत्या ओठांनी बोलतो. आवाज न काढता तोंड हलवायचं, समोरच्यानं वाचायचं. शिव्यासुद्धा अशाच. माझ्या समोरच्या मागावर मल्लूअण्णा असायचा, वर्षानुवर्षं त्याचे ओठ वाचले. त्याला टीबी झाला. दवाखान्यात एचआयव्हीची तपासणी पण करा म्हणाले, तर हा तिथून पळाला - लोक काय म्हणतील म्हणून. टीबीच्या गोळ्या तेवढ्या घेतल्या, तरी वाळत वाळत गेला. मी खांदा दिलाय, म्हणजे गेला याबद्दल शंका नको.

गेल्या वर्षी मलाही टीबी निघाला. मी खोकलो की समोरच्या मागातला सूत नेणारा धोटा उडायचा. मलाही तीच तपासणी सांगितली. पण वडगावात मांजर शिंकलं तरी शेजारच्या शहापुरातून तिघं तब्येत विचारायला येतात, तिथं रक्त कोण देतंय? बायकोला म्हटलं, निपाणीला जाऊन करू, तिथं आपल्याला कोण ओळखतंय. सुनंदा आमच्याच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरते. ती सोबत आली.

निपाणीच्या दवाखान्यात बाकावर बसलो तर शेजारी वडगावचाच एक साडीवाला, टोपी नाकापर्यंत ओढून! दोघांनीही ओळख दाखवली नाही.

तिथल्या मॅडमनी अर्ध्या कन्नडात, अर्ध्या मराठीत समजावलं. टीबी असलेल्या सगळ्यांचीच ही तपासणी करतो, तुम्हीच काही खास नाही. दोन्ही रोग असले आणि एकावरच औषध घेतलं, तर जीव जाऊ शकतो... मी लघवीला जातो म्हणून उठलो आणि थेट रस्ता गाठला. सुनंदा मागून धावत आली. "आलतो कशाला मग हितं?" ती म्हणाली.

भर दुपार. रस्त्यापलीकडे चिकोडीची बस उभी, इंजिन धडधडतंय. आणि खिडकीत मल्लूअण्णा.

अंगावरचा घाम जागच्या जागी गार झाला. तेच कपाळ, भुवईवरची तीच खूण. माझ्याकडंच बघत तो बोलत होता - शेडमध्ये बोलायचा तसा, सावकाश, आवाजाशिवाय. मी वाचलं.

"मागं फिर. रगत दे. माझ्यागत करू नगंस."

बस हलली. माझे पाय हलेनात. मग ते दवाखान्याकडे वळले, पण मी वळवले नाहीत.

रिपोर्टमध्ये एचआयव्हीही निघाला. कुठून आला ते मी आणि सुनंदा बघून घेऊ, तुम्ही विचारू नका. तिचा निगेटिव्ह. मला दोन्हींची औषधं सुरू झाली, वर दुसऱ्या कुठल्या रोगानं गाठू नये म्हणून रोजची आणखी एक गोळी. सुनंदाला टीबी होऊ नये म्हणून तिलाही गोळ्या. आणखी उशीर केला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. आता मी एवढा सुटलोय की शेडच्या दारातून आडवा जातो.

अण्णाचं मी सुनंदाला सांगितलं नव्हतं. परवा जेवताना सांगितलं, वाटलं हसेल. ती हसली नाही. तिनंही खिडकीतला तो माणूस बघितला होता. अण्णासारखाच दिसतोय म्हणून टक लावून बघितला होता.

"पर तुमी वाचलं कसं?" घास तसाच धरून ती म्हणाली. "त्येच्या तोंडाला टावेल बांधल्याला हुता. डोळं आन कपाळच तेवढं दिसत हुतं."

काय समजायचं, मला अजून कळलेलं नाही. ते ओठ हलताना मी बघितलेत, कुणाचीही शपथ घ्यायला लावा. पण सुनंदानं टॉवेल बघितला... आणि ती माझ्यासारख्या थापा मारत नाही.